हिरवा माणूस किती वेळ चालतो?

सातवीच्या वर्गात वेळापत्रक एका खिळ्याला टांगलेलं असे. वर्षातून दोनदा गणिताच्या बाई चपला काढून खुर्चीवर चढत आणि ते स्वतःच्या हाताने खाली उतरवत. त्या दिवशी वर्गात असा गलका होई, की शेजारच्या वर्गातले सर येऊन मुकाट्याने दार ओढून घेत. वेळापत्रक उतरलं की चार आठवडे तास बंद. गणिताचा तास नाही, विज्ञानाचा नाही, भाषेचा नाही. सगळ्या वर्गाने मिळून एकच प्रश्न धरायचा आणि हात धुऊन त्याच्या मागे लागायचं. वाटेत ज्या विषयाची गरज पडेल त्या शिक्षकांना हाक मारायची, आणि त्यांनी हातातला चहा तसाच ठेवून यायचं, असा त्या शाळेचा रिवाज होता.

प्रश्नाला दोन अटी होत्या. त्याचं उत्तर शाळेत कुणालाच ठाऊक नसलं पाहिजे, अगदी मुख्याध्यापिकांनासुद्धा. आणि उत्तर सापडलं की ते अशा माणसाला नेऊन द्यायचं, ज्याला त्याचं काही करता येईल. नुसतं फळ्यावर लिहून पुसून टाकायचं असेल तर एवढी यातायात हवी कशाला?

"तासच नाहीत म्हणजे सुट्टीच की," चुळबुळची आई दर वेळी म्हणायची. "आम्ही आपले मुकाट पाढे पाठ केले आणि मोठे झालो."

चुळबुळ हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणाला लागतही नसे. बारा वर्षांच्या आयुष्यात ही पोर सलग दहा मिनिटं एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. त्या सोमवारी मात्र ती बाकावर हात घट्ट दाबून बसली होती, कारण तिच्याकडे प्रश्न होता, आणि तो चार महिन्यांपासून तिच्या पोटात उड्या मारत होता.

आधी बाकीच्यांचे झाले. आकाश निळं का? पुस्तकात आहे, बाद. मुंग्या झोपतात का? तेही पुस्तकात आहे, बाद. शेवटच्या बाकावरच्या भोंग्याने विचारलं, "मुख्याध्यापिका कधी हसत का नाहीत?" या मुलाचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी तळमजल्यावर ऐकू जाई.

"त्याचं उत्तर मला माहितेय," बाई म्हणाल्या, "आणि या क्षणी तुझा प्रश्न त्यांनीही ऐकला असेल. बाद."

हशा ओसरायच्या आत चुळबुळ उभी राहिली. "बाई, समोरच्या सिग्नलवरचा हिरवा माणूस इतक्या लवकर का जातो? मी मोजलंय. चौदा सेकंद असतो, मग लाल होतो. चौदाच का?"

बाईंनी खडू उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. खिडकीतून तो सिग्नल दिसत होता. शाळेसमोरचा रस्ता चांगला ऐसपैस, एका दमात ओलांडायचा, मध्ये थांबायला इंचभर जागा नाही. पलीकडे दवाखाना, वाचनालय आणि बाग. बाई त्या रस्त्याने सोळा वर्षं येत-जात होत्या. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. या शाळेत बाईंनी "मला माहीत नाही" म्हटलं की वर्ग टाळ्या वाजवायचा. टाळ्यांनी खिडक्या हादरल्या.

चुळबुळला त्या टाळ्यांत जे सांगता आलं नाही, ते असं होतं. तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, पस्तीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होते. दारोदार जायचं, मीटरसमोर मान वर करून उभं राहायचं आणि आकडा वहीत उतरवायचा. पस्तीस वर्षांत आपण पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या, असं ते सांगत, आणि कुणी हिशेब मागितला तर तो द्यायलाही तयार असत. निवृत्तीनंतर रोज सकाळी रस्ता ओलांडून वाचनालयात जायचं, तिथल्या तीन मित्रांबरोबर बुद्धिबळाचा डाव टाकायचा, हरलं तर भांडायचं आणि जिंकलं तर जास्त भांडायचं, असा त्यांचा नेम होता.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी चुळबुळ त्यांच्याबरोबर होती. अर्ध्या रस्त्यात हिरवा माणूस गेला. दोन्हीकडून गाड्या सुटल्या, हॉर्न वाजले. आबांच्या हातातली पिशवी पडली, बुद्धिबळाच्या सोंगट्या रस्त्यावर घरंगळल्या. "घरी बसा की आजोबा, मरायला कशाला बाहेर पडता?" एक मोटारसायकलवाला ओरडला आणि निघून गेला. घराशी आल्यावर त्यांनी चुळबुळचा हात धरला. "आईला सांगू नकोस."

तेव्हापासून आबा गॅलरीत बसत. आईने विचारलं तर म्हणत, "पेपर घरी येतो की. आणि त्या तिघांना खेळता कुठे येतं?" अळीमिळी गुपचिळी करून चुळबुळने ते पोटात ठेवलं होतं. पण गॅलरीतल्या त्या खुर्चीचा तिला इतका राग यायचा, की येता-जाता ती खुर्चीला एक लाथ घालत असे. तिला आबा परत रस्त्यापलीकडे हवे होते. प्रश्नाच्या पोटात हा एवढाच प्रश्न होता.

मग जी धांदल उडाली तिला तोड नाही. पहिल्याच आठवड्यात गणिताच्या बाईंनी रस्ता मोजून घेतला. एका सुट्टीच्या दिवशी पहाटे, पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली, तीनदा मोजला, आणि तिन्ही वेळा सोळा मीटर ऐंशी सेंटिमीटर आला तेव्हा वर्ग नाचला. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतला हाडांचा सांगाडा व्हरांड्यात आणून गुडघा म्हणजे काय भानगड असते ते उलगडून दाखवलं. भाषेच्या बाईंनी वाहतूक खात्याला पत्र लिहून घेतलं आणि अकरा वेळा फाडलं. "विनंती करताय की रडताय?" त्या विचारायच्या. बारावं पत्र गेलं, आणि आठव्या दिवशी त्याचं उत्तर आलं.

उत्तर खात्याच्या अभियंता बाईंचं होतं. मुलांनी त्यांचं नाव लगेच सिग्नलबाई ठेवलं. त्यांनी लिहिलं होतं: रस्त्याची रुंदी भागिले माणसाचा वेग. वेग सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर धरला जातो. तुमची मोजणी काय सांगते ते ऐकायला मी तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी शाळेत येईन.

"येणार! त्या येणार!" भोंगा ओरडला. तळमजल्यावर मुख्याध्यापिकांनी पेन खाली ठेवलं.

सोळा पूर्णांक आठला एक पूर्णांक दोनने भागलं, तर बरोबर चौदा. भागाकार असा निःशेष सुटल्याचं पाहून चुळबुळच्या अंगावर काटा आला. म्हणजे कुठेतरी एक माणूस होता, जो सेकंदाला एक पूर्णांक दोन मीटर चालत होता, आणि सगळं शहर त्याच्या पायांनी मोजलं जात होतं! मुलांनी त्याचं नाव ठेवलं श्रीयुत एक पूर्णांक दोन. चित्रकलेच्या सरांनी तो भिंतीवर काढून घेतला. ताठ, तरणाबांड, हातात पिशवी नाही, गुडघ्याला पट्टा नाही, बरोबर नातवंड नाही. त्याच्या खाली भाषेच्या बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: यांना कुणी पाहिलं आहे का?

"आपण आपली माणसं मोजू," चुळबुळ म्हणाली. "सगळ्यांचे आजी-आजोबा. इथेच, मैदानावर. तेवढंच अंतर आखून."

ठरलं. बुधवार सकाळ. घरोघरी चिठ्ठ्या गेल्या. त्यात लिहिलं होतं, 'आपल्या चालण्याचा वेग मोजण्यासाठी आपण शाळेत यावे.' चुळबुळने चिठ्ठी आबांच्या हातात ठेवली, तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. "मोजणार?" ते म्हणाले. "मला?" आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ते गॅलरीतल्या खुर्चीतून चटकन उठले. शाळा रस्त्याच्या अलीकडेच होती, तेव्हा जायला अडचण नव्हती.

इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बुधवारी मैदानावर एकतीस म्हाताऱ्या माणसांची जत्रा भरली. कुणी नवे बूट घालून आलं होतं, कुणी केस रंगवून. एक आजोबा कोपऱ्यात जोर-बैठका काढत होते. भोंग्याच्या आजीने काठी झाडाला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "ही आजच्यापुरती इथेच राहू दे." आबांनी बुटांना पॉलिश केलं होतं आणि आदल्या दिवशी घरात स्वयंपाकघर ते गॅलरी अशा चाळीस फेऱ्या मारल्या होत्या. आईला वाटलं, वडिलांचं काही हरवलंय.

चुन्याच्या दोन रेघा. एका टोकाला शिट्टी, दुसऱ्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन चुळबुळ. आणि दोन्ही बाजूंना सातवीचा वर्ग, गळ्याच्या शिरा ताणून.

शिट्टी वाजली आणि करायला गेले गणपती, झाला मारुती. भोंगा ओरडला, "चला आजी, चला!" आणि ती आजी अशी सुटली, की दोन जणांना तिला पुढे जाऊन थांबवावं लागलं. दहा सेकंद! ते पाहून पुढच्या आजोबांनी बाह्या सरसावल्या. साडेनऊ! दोघी जावा-जावा होत्या, त्या एकमेकींकडे तिरक्या डोळ्यांनी बघत निघाल्या आणि शेवटच्या तीन मीटरांत चक्क धावल्या. आबांची पाळी आली तेव्हा त्यांनी वर्गाकडे बघून हात हलवला, मान ताठ केली, आणि अशी काही लांब ढांग टाकली, की चुळबुळ स्टॉपवॉच बंद करताना नाचतच होती. अकरा सेकंद! आबा अकरा सेकंदांत आले! तिने त्यांना मिठी मारली. त्यांच्या छातीचा भाता धाडधाड हलत होता आणि चेहरा आनंदाने लालेलाल झाला होता.

वर्गात येऊन सरासरी काढली तेव्हा नाचणारे पाय थांबले. एकतीस जणांची सरासरी बारा पूर्णांक चार. म्हणजे हिरवा माणूस चौदा सेकंद चालतो ते पुरेसं होतं. पुरेसं कसलं, वर दीड सेकंदाहून जास्तच उरत होतं. भिंतीवरचे श्रीयुत एक पूर्णांक दोन सगळ्यांकडे बघून जणू गालातल्या गालात हसत होते.

"हात दाखवून अवलक्षण," भाषेच्या बाई हळूच म्हणाल्या.

"आकडे जरा फिरवू या ना बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "थोडेच."

"मोजलं ते लिहायचं," गणिताच्या बाई म्हणाल्या. "आवडलं नाही तर परत मोजायचं. फिरवायचं नाही. पण परवा शुक्रवार आहे, आणि आपल्याकडे आज तरी हेच आहे." त्यांचाही चेहरा उतरला होता.

त्या संध्याकाळी चुळबुळ घरी आली, तर आबा गॅलरीत होते. गरम पाण्याच्या घमेल्यात पाय, उजवा गुडघा सुजून नारळाएवढा. "जरा लचकलाय," ते म्हणाले. "पण अकरा! त्या तिघांना कळलं पाहिजे." आणि ते रस्त्यापलीकडे वाचनालयाच्या खिडकीकडे बघत बसले.

तिला रडूही येईना आणि ओरडताही येईना. ती आत गेली, दप्तरातली मोजणीची वही उघडली आणि आबांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेल्या अकरातला पहिला एक खोडून तिथे दोन केला. एकवीस. एकच तर आकडा होता. तिने तो पक्का गिरवला.

जेवणाआधी आबा लंगडत आत आले. वही उघडीच होती. पस्तीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसाच्या डोळ्याला खोडलेला आकडा असा दिसतो, जसा आईला मुलाचा ताप दिसतो. त्यांनी वही उचलून दिव्याखाली धरली.

"हे काय आहे?"

चुळबुळने रबर मुठीत लपवलं.

"रीडिंग फिरवलंस?" आबांचा आवाज चढला. "माझ्या घरात? लोकांनी मला पाकिटं पुढे केली, धमक्या दिल्या, एकाने तर कुत्रा सोडला अंगावर. एक युनिट इकडचं तिकडे केलं नाही मी! आणि माझी नात..."

"मी नाही फिरवलं!" ती ओरडली, आणि आता रडू आलंच. "मीटरच खोटं होतं आबा! तुम्ही खोटं चाललात! तुम्हाला असं चालता येत असतं तर सोंगट्या पडल्या असत्या का रस्त्यात? तुम्ही गॅलरीत बसला असता का?"

दारात आई उभी होती. "कसल्या सोंगट्या?" तिने विचारलं.

आबा खुर्चीवर बसले. त्यांनी सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "लोक मीटरला चुंबक लावायचे. मीटर हळू फिरावं म्हणून. मी लगेच ओळखायचो." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "मी उलटं केलं. मीटर पळवलं." त्यांनी रबर मागितलं, दोन खोडला, परत एक काढला आणि वही तिच्या हातात दिली. "खोटं असलं तरी जे दिसलं ते लिहायचं. खोटं वाटलं तर फेरतपासणी मागायची. तशी पद्धत असते."

मग त्यांनी लेकीला समोर बसवलं आणि त्या सकाळची सगळी हकिगत सांगितली, मोटारसायकलवाल्यासकट. आई ऐकत राहिली. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आणि मी समजत होते, तुम्हाला खरंच पेपर आवडतो."

शुक्रवारी सिग्नलबाई आल्या. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या, खांद्याला जड पिशवी, बरोबर एक वाहतूक पोलीस. त्यांनी भिंतीवरचे श्रीयुत एक पूर्णांक दोन पाहिले आणि खो-खो हसल्या. त्यामुळे सगळ्यांनाच त्या आवडल्या आणि पुढचं सांगणं आणखी जड झालं. मागच्या बाकांवर काही आजी-आजोबा अवघडून बसले होते. चुळबुळने फळ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. रुंदी, भागाकार, गुडघा, एकतीस माणसं. आणि सरासरी, बारा पूर्णांक चार. तिने ती गिळून टाकली नाही, पण आवाज मात्र पार खोल गेला.

"काम फार नीट केलंय तुम्ही," सिग्नलबाई म्हणाल्या. "पण या आकड्यांवरून चौदा सेकंद पुरतात. मग मी काय बदलू?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मॅडम," आबा उभे राहिले होते. "ते रीडिंग खोटं आहे. मी फेरतपासणी मागतो."

"कुणाच्या रीडिंगची?"

"माझ्या." आबांनी घसा साफ केला. सगळा वर्ग मागे वळून बघत होता, सगळे म्हातारे खाली बघत होते. "परवा आम्ही चाललो नाही. आम्ही शर्यत लावली. पोरं ओरडत होती, शिट्टी वाजली, आणि आमच्या अंगात वारं शिरलं. म्हातारा आहे हे कुणाला मोजून द्यावंसं वाटतं? आता मोजा. खऱ्या रस्त्यावर. पिशवी घेऊन. आणि कुणी ओरडायचं नाही."

सिग्नलबाईंनी वाहतूक पोलिसाकडे बघितलं. त्याने टोपी नीट केली. "मी गाड्या थोपवतो," तो म्हणाला. "लाल झाला तरी एक चाक हलणार नाही."

सगळी शाळा खिडक्यांत आली. सातवीचा वर्ग फूटपाथवर, तोंडावर हात. भोंग्याने तर रुमालाचा बोळाच तोंडात कोंबला होता. चुळबुळच्या हातात स्टॉपवॉच, आबांच्या हातात पिशवी. पिशवीत सोंगट्यांचा डबा होता, ते तिला पिशवी खुळखुळली तेव्हा कळलं.

हिरवा माणूस आला. आबा लगेच निघाले नाहीत. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि तिकडच्या पहिल्या गाडीचं इंजिन गुरगुरलं तसं त्यांचं पाऊल मागे आलं. दोन सेकंद तिथेच गेले. मग ते निघाले. उजवा पाय टाकायचा, डावा त्याच्याशी जुळवायचा. पाच. सहा. चुळबुळला ओरडायचं होतं. चला आबा, चला! तिने ओठ दातांखाली धरला. दहा. अकरा. परवा या घटकेला ते दुसऱ्या रेघेवर होते, आज अर्धा रस्ताही झाला नव्हता. तेरा. चौदा. हिरवा माणूस गेला, लाल आला. मागून एक हॉर्न वाजला. पोलिसाने दोन्ही हात पसरले आणि त्या गाडीकडे असं काही बघितलं, की हॉर्न अर्ध्यात मेला.

आबांनी वेग वाढवला नाही. धावता आलं असतं, निदान चार पावलं, ते चुळबुळला ठाऊक होतं. पण ते लाल दिव्याखालून आपल्या खऱ्या चालीने चालत राहिले, सगळ्या शाळेसमोर, सगळ्या गाड्यांसमोर. सतरा. वीस. ते पलीकडच्या फूटपाथवर चढले, खांबाला धरून वळले आणि रस्त्याच्या अल्याड आवाज दिला.

"किती?"

"तेवीस!" चुळबुळ ओरडली. "आबा, तेवीस!"

"लिही!" आबा म्हणाले. "तू तर दोन कमीच लिहिले होतेस!"

आणि मग भोंग्याने तोंडातला बोळा काढला. त्याच्या आजीने काठी टेकत पुढे येऊन नातवाला गप्प केलं आणि सिग्नलबाईंना म्हणाली, "माझंही घ्या. काठीसकट." तिच्यामागून परवा जोर-बैठका काढणारे आजोबा आले. तिघा-चौघांची रांगच लागली. सिग्नलबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून लिहीत होत्या, चष्मा घसरत होता आणि त्या तो वर सारायचंही विसरत होत्या.

"चौघांवरून नियम बदलत नाही," जाताना त्या म्हणाल्या. "मला शंभर माणसं द्या. ज्यांना शर्यत लावायचं सुचणार नाही अशी."

शेवटचा आठवडा वर्ग खिडकीत राहत होता म्हटलं तरी चालेल. आपण मोजले जातोय हे माणसाला कळलं की तो धावतो, आणि न सांगता मोजलं तर ते बरं दिसत नाही. यावर भाषेच्या बाईंनी अख्खा दिवस वाद घालू दिला. शेवटी खांबावर पाटी लागली: 'या आठवड्यात शाळेची मुले या रस्त्याचा अभ्यास करत आहेत.' यात खोटं काही नव्हतं आणि धावावंसं वाटण्यासारखंही काही नव्हतं. शंभर मागितले होते, एकशे बारा मोजले. पिशवीवाले, काठीवाले, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया, पायाला प्लास्टर घातलेला एक चांगला धडधाकट गडी. त्या सगळ्यांत श्रीयुत एक पूर्णांक दोन फक्त एकोणीस भेटले. वही सिग्नलबाईंकडे गेली. वेळापत्रक परत खिळ्यावर चढलं. तास सुरू झाले. आणि चुळबुळ गणिताच्या तासाला गणित सोडून रस्त्याकडे बघत राहिली.

सतरा दिवसांनी, दुसऱ्या तासाला, खांबाजवळ एक गाडी थांबली. शिडी लागली. सिग्नलबाईंनी खांबावरची पेटी उघडून आत काहीतरी केलं, पेटी बंद केली आणि शाळेच्या खिडकीकडे बघून दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडली, मग एका हाताची एकदा. पंचवीस!

गणिताच्या बाईंनी खडू टाकला. "जा," त्या म्हणाल्या. "स्टॉपवॉच घेऊन जा. नोंद झाली पाहिजे."

चुळबुळ जिन्यावरून उतरली नाही, घरंगळली. आबांना आणायला घरी जायची गरजच पडली नाही. त्यांनी गॅलरीतून शिडी पाहिली होती आणि ते फूटपाथवर येऊन उभे होते. तेच पॉलिश केलेले बूट, तीच पिशवी. पलीकडे वाचनालयाच्या पायरीवर तीन म्हातारे उभे राहून हातवारे करत होते.

"मी येऊ बरोबर?" तिने विचारलं.

"तू मोज," आबा म्हणाले.

हिरवा माणूस आला. आबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पाऊल उचललं. या वेळी ते मागे आलं नाही. पिशवी खुळखुळत होती. अर्धा रस्ता झाला आणि हिरवा माणूस तिथेच होता. पाऊण झाला, तरी होता! चुळबुळ टाचा उंचावून बघत होती, श्वास घ्यायचा विसरली होती. पलीकडच्या तिघांतला एक जण ओरडला, "पाच महिने कुठे तोंड काळं केलं होतंस रे?" आणि आबांनी रस्त्याच्या शेवटच्या पट्ट्यात थांबून, खुशाल थांबून, त्याला मूठ दाखवली. मग ते फूटपाथवर चढले. हिरवा माणूस अजून चालतच होता.

ते मागे वळून बघतील म्हणून तिने हात वर केला. पण आबा भांडत भांडत केव्हाच पायऱ्या चढून आत गेले होते.

ती वर्गात परत आली, तेव्हा सगळे बाक सोडून दारात उभे होते. "किती?" बाईंनी विचारलं. "किती लागले?"

चुळबुळने हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं. तिथे शून्य होतं. तिने बटण दाबलंच नव्हतं. एकशे बारा माणसं मोजणाऱ्या पोरीने आपलं माणूस मोजलं नव्हतं. ती लाल झाली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माहीत नाही, बाई," ती म्हणाली. "पण पोचले."

बाईंनी वही तिच्यापुढे सरकवली. जे दिसलं ते लिहायचं असतं. चुळबुळने आबांच्या नावापुढे, अकरा आणि तेवीसच्या पुढच्या रिकाम्या रकान्यात, पेनाने लिहिलं: पोचले.